गुलाबी कार्ड

इंग्रजी-मराठी कोशाचा पहिला खंड मार्चअखेर छापायला जाणार होता. तोवर कुणाला काही कळलं नाही, तर रघुवीर बेळवींना मिळणार होतं ते असं: आतल्या पहिल्या पानावर सहसंपादक म्हणून नाव, दुसरा खंड संपेपर्यंत खिडकीजवळची खुर्ची, आणि हायस्कुलात एकतीस वर्षं ज्या पोरांनी त्यांना ‘डिक्शनरी’ म्हणून चिडवलं, त्यांच्या पोरांच्या हातात मास्तरांच्या नावाची डिक्शनरी. कळलं, तर यातलं काहीच नाही. उलट ती खुर्ची मला मिळणार होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको.

कळायचं होतं ते एवढंच, की बेळवीमास्तरांना दिसत नव्हतं.

उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, इतपत कळे. त्यांची मुलगी मंदाकिनी सकाळी त्यांना जिन्याच्या तळाशी सोडून जायची. वर सतरा पायऱ्या, मग डावीकडे सहा पावलं, की खुर्ची. तिथे ते दिवसभर डोळे मिटून बसत आणि विचारलं की शब्दाचं मूळ-कूळ घडाघडा सांगत. कोशाच्या कचेरीत डोळे मिटून बसणाऱ्याला लोक विद्वान समजतात. माझ्यासारखी डोळे उघडे ठेवून बसली, तर ती तपासनीस.

आमची कचेरी मिरजेत एका सतारीच्या कारखान्यावर होती. खाली मीरासाहेब सतारी बनवायचे, आणि आमच्या गच्चीवर त्यांचे भोपळे वाळत पडलेले असायचे. वर आम्ही तिघं: मुख्य संपादक मगदूमसर, बेळवीमास्तर आणि मी, इंदुमती ऐनापुरे, वय सव्वीस. काम असं चाले: एका शब्दाला एक पांढरं कार्ड, त्यावर अर्थ, मूळ, उदाहरण. ज्या शब्दाला वेगळी नोंद द्यायची नाही, नुसतं ‘अमुक शब्द पाहा’ म्हणायचं, त्याला गुलाबी कार्ड. मास्तर आठवड्याचे वीस-बावीस शब्द घरी करून आणत. शुक्रवारी गठ्ठा माझ्याकडे येई. मी अनुक्रम लावायचा, गुलाबी कार्डं ज्या त्या जागी घालायची. शनिवारी वाचन. ज्याची कार्डं त्यानेच ती मोठ्याने वाचायची, सरांनी ऐकायची. सरांचं म्हणणं, चूक डोळ्यांना फसवते, कानाला फसवत नाही.

कार्डं मंदाकिनी लिहायची, हे मला नोव्हेंबरात कळलं. गठ्ठ्यात दोन कार्डं चिकटून एक कोरंच आलं होतं, आणि कोऱ्या कार्डाखाली मास्तरांची ऐटदार सही होती. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले. दार मंदाकिनीने उघडलं. तिने कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “इंदूताई, चहा टाकते.”

चहा होईपर्यंत मला सगळं समजलं. मास्तर सांगत, ती लिही. अक्षर तिला त्यांनीच गिरवून दिलेलं, त्यामुळे फरक कळत नसे. गुरुवारी रात्री ती सगळी कार्डं त्यांना क्रमाने दोनदा वाचून दाखवायची, आणि शनिवारी ते एकेक कार्ड उलटत तोंडपाठ म्हणायचे. स्वल्पविरामासकट.

“कुणाला बोलणार नाही ना?” तिने विचारलं.

“मला कुणी विचारलेलं नाही,” मी म्हटलं.

तोवर गुलाबी कार्डंही मास्तरांच्याच गठ्ठ्यातून येत; त्याच महिन्यात सरांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. त्या दिवसापासून मी एक गोष्ट करू लागले. गुलाबी कार्डं शुक्रवारी गठ्ठ्यात घालायची सोडून सोमवारी घालायला लागले. मध्येच एक जादा कार्ड आलं असतं, तर मास्तरांचं पाठांतर एका कार्डाने पुढे गेलं असतं. मगदूमसरांच्या नियमाविरुद्ध होतं ते. पण दोन महिने कुणी विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मास्तरांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. टेबलाचा काठ आधी बोटाने चाचपला, पण इतक्या सफाईने, की बघणाऱ्याला वाटावं, धूळ पाहताहेत.

“एकवीस आहेत, बाई. ‘डिव्हाइन’पासून ‘डिझी’पर्यंत.”

“यात जड कुठला?” पलीकडून सरांनी विचारलं.

“जड ‘डिव्हॉट’. गोल्फ खेळताना काठीने उपटलेलं हिरवळीचं ढेकूळ. मिरजेत कुणाला कशाला लागणार. पण चांगला म्हणाल तर ‘डायव्हल्ज’.” मास्तर खुर्चीत मागे रेलले. “लॅटिन. ‘वल्गस’ म्हणजे सामान्य लोक, गर्दी. पुढचा ‘डाय’ म्हणजे इकडेतिकडे, चहूकडे. लोकांत पसरून देणे. गंमत अशी, की सुरुवातीला त्याचा गुपिताशी संबंधच नव्हता. नुसतं जाहीर करायचं. दवंडी म्हणा. गुपित त्याला मागाहून चिकटलं.”

“मग ‘रिव्हील’?”

“त्यात पडदा आहे. पडदा सारला, की झालं. ‘डिसक्लोज’मध्ये दार आहे, मिटलेलं उघडलं. पण त्या दोन्हींत बघणारा एकटा असला तरी चालतो, सर. ‘डायव्हल्ज’ला गर्दी लागते. आणि आणखी एक. गुपित आपलं नसतं. कुणीतरी आपल्यापाशी ठेवायला दिलेलं असतं.”

मी माझ्या कागदात मान घातली.

“मराठी काय दिलंय?” सर म्हणाले.

“फोडणे. बोभाटा करणे. चव्हाट्यावर आणणे.”

“खाली विचारून येऊ.”

ही सरांची पद्धत होती. मराठी शब्द बरोबर बसला की नाही, हे इंग्रजी न येणाऱ्याकडून ठरवायचं. ते स्वतः सज्जात गेले, खाली वाकले आणि हाक मारली. “मीरासाहेब, एका माणसाने दुसऱ्याला विश्वासाने काही सांगितलं. त्याने ते गावात सांगून टाकलं. तर काय केलं म्हणाल?”

“हरामखोरी,” खालून उत्तर आलं.

“ते माणसाला झालं. कामाला काय म्हणाल?”

मीरासाहेबांची कानस थांबली. “फोडलं म्हनायचं की. भोपळ्यागत.”

“भोपळ्यासारखं कसं?”

“फुटला की फुटला, सर. लाखेनं सांधता येतोय, न्हाई असं न्हाई. लांबनं कळतबी न्हाई. पन वाजवला की बद्द वाजतोय.”

“फोडणे पहिलं ठेवा,” सर आत येऊन म्हणाले. मास्तर समाधानाने हसले. स्वतःचं खरं ठरलं की ते एका बाजूने हसत, उरलेली बाजू पुढच्या शब्दासाठी राखून.

साडेपाचला मी खाली उतरले, तेव्हा मंदाकिनी जिन्यापाशी उभी होती. रोज ती वर येऊन वडिलांना घेऊन जायची. ‘अण्णा, रस्त्यात गप्पा मारत जाऊ,’ असं सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. त्या दिवशी ती लगेच वर आली नाही.

“बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं,” ती म्हणाली. “डाव्यातही दाब चढलाय. महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर डावा राहील. नंतर केलं तर मोतीबिंदू निघेल, पण मागे काही उरलेलं नसेल, म्हणाले.”

“मग?”

“अण्णा म्हणतात, E अक्षर संपू दे, पहिला खंड पुरा होऊ दे.”

“E संपायला मार्च येईल.”

“तेच. ऑपरेशन म्हणजे पट्टी, सहा आठवडे घरी. कोशमंडळाचा नियम तुम्हाला माहीत आहे. महिन्यावर गैरहजर राहिला, की खंडावर नाव नाही. आणि डोळ्याचं कळलं, की आठ महिन्यांची कार्डं कुणी लिहिली, हेही निघणार.”

“तू सरांशी बोल.”

“आईच्या फोटोवर हात ठेवायला लावलाय मला. सरांशी एका शब्दाने बोलायचं नाही.”

“मग मी बोलते.”

“तुम्ही बोललात तर ते म्हणतील, हिला मंदीनेच बोलायला लावलं. तुम्ही चहा प्यायला आला होता, त्यांना ठाऊक आहे. शपथ मोडली म्हटल्यावर ते दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत, इंदूताई. ते मला ओळखतात, तशी मीही त्यांना ओळखते.”

खाली मीरासाहेबांच्या शेगडीवर लाख वितळत होती, तिचा वास जिन्यात भरला होता. आम्ही आणखी थोडा वेळ तिथे उभ्या होतो. मग ती अण्णांना आणायला वर गेली.

शनिवारी सकाळी मी गठ्ठा लावला. एकवीस पांढरी कार्डं. आणि ‘डायव्हल्ज’च्या आधी एक गुलाबी: ‘डायव्हल्गेट: जुना प्रयोग. डायव्हल्ज पाहा.’ अनुक्रमाने त्याची जागा तीच. दोन महिने मी नियम मोडत होते. त्या शनिवारी पाळला. गठ्ठा मास्तरांच्या हातात देताना माझी नजर खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली नाही, असं मी म्हणणार नाही.

वाचन अकराला सुरू झालं. मास्तर नेहमीसारखे उभे राहिले. उजव्या हाताने कार्ड डोळ्यांसमोर, डाव्या हातात गठ्ठा. सर समोर बसलेले. ‘डिव्हाइन’ झालं. ‘डिव्हिजन’ झालं. ‘डिव्होर्स’ला सरांनी ‘काडीमोड’ की ‘घटस्फोट’ यावर दहा मिनिटं घेतली. ‘डिव्हॉट’वर सर हसले. मास्तरांनी कार्ड मागे सारलं आणि पुढचं वर घेतलं. ते गुलाबी होतं.

“डायव्हल्ज,” मास्तरांनी सुरुवात केली. “सकर्मक क्रियापद. एक, गुपित फोडणे. दोन, बोभाटा करणे, चव्हाट्यावर आणणे. तीन, जुन्या प्रयोगात, जाहीर करणे. लॅटिन ‘वल्गस’पासून...”

एका ओळीच्या कार्डावरून ते पाव पान वाचत होते. कार्डाची रिकामी गुलाबी पाठ सरांच्या तोंडासमोर होती.

“पुढचं,” सर एवढंच म्हणाले.

मास्तरांनी कार्ड बदललं. आता खरं ‘डायव्हल्ज’ हातात आलं, आणि ते ‘डायव्हल्शन’ म्हणू लागले. फाडून अलग करणे.

सर उठले. मास्तरांच्या शेजारी जाऊन कार्डावर नजर टाकली. मग ते कार्ड त्यांच्या बोटांतून हळूच काढून घेतलं, खालचं वर केलं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

“बेळवी, हे परत एकदा वाचता का?”

मास्तरांनी उलटं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्यापासून, जराही न अडखळता, ‘डायव्हल्शन’ वाचलं.

संपल्यावर खोलीत खालच्या कानशीचा आवाज तेवढा येत होता. तो थांबला नाही, म्हणून मास्तरांना कळलं, की थांबलंय ते वर. त्यांनी कार्डाची कड अंगठ्याने तपासली. मग गठ्ठा चाचपला आणि कार्डं मोजली. बावीस.

“कधीपासून?” सरांनी विचारलं.

“आठ महिने.”

“कार्डं?”

“मुलगी लिहिते. शब्द माझे आहेत. बरेचसे.” मग त्यांनी मान फिरवली. माझ्या टेबलाकडे नाही, थोडी चुकून कपाटाकडे. “जादा कार्ड कुणी घातलं?”

“मी,” मी म्हटलं.

“नियमाप्रमाणे?”

“नियमाप्रमाणे, मास्तर.”

“दोन महिने नियम कुठे होता, बाई?”

म्हणजे त्यांना ते माहीत होतं. आठवड्यामागून आठवडे मी कार्ड मागे ठेवत होते, आणि ते जाणून होते. आमच्यात याबद्दल एक अक्षर झालेलं नव्हतं. पण झालेलं नव्हतं म्हणूनच तो करार होता.

“नोंद अपुरी राहिली, सर,” मास्तर बसत म्हणाले. त्यांचा आवाज वाचनातल्यासारखाच होता. “डायव्हल्ज करायला तोंड लागत नाही. तेवढं घाला.”

सोमवारी मगदूमसर स्वतः टांगा घेऊन त्यांच्या दारात गेले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे दवाखान्याला नकार द्यायलाही काही उरलं नव्हतं. ऑपरेशन झालं. सरांनी आठ महिन्यांची कार्डं एकेक तपासली. सातशे चौदा कार्डांत त्यांना तीन चुका सापडल्या, आणि त्यातल्या दोन माझ्या होत्या. कार्डं ठेवली. पण मंडळाच्या बैठकीत ठरलं, की बेळवींचं नाव नियमाने जातं, आणि मंदाकिनीला नेमलेलंच नव्हतं, तेव्हा तिचं येण्याचा प्रश्न नाही. जागा मोकळी ठेवता येईना. तिथे माझं नाव आलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तर कचेरीत आले. एकटे. डोळ्यावर भिंगासारखा जाड चष्मा. सर प्रुफं घेऊन छापखान्यात गेले होते. मी खिडकीजवळच्या खुर्चीत होते, उठले.

“बसा, बसा. खुर्ची बघायला नाही आलो.” ते समोरच्या बाकावर बसले. “ते गुलाबी कार्ड आहे का अजून?”

“सगळी आहेत.”

“बघू.”

“कशाला, मास्तर?”

“सहा आठवडे पट्टी बांधून पडलो होतो. दुसरं काम नव्हतं, विचार करत होतो. कार्डावर कुठला शब्द होता, ते सरांकडून कळलं. पट्टी सुटल्यावर बघून घेतलं: ‘डायव्हल्गेट’ हा शब्द आपल्याकडच्या चार इंग्रजी कोशांतल्या एकातच आहे. तो कोश दीड वर्ष माझ्या घरी आहे. ते पान मंदीने मला वाचून दाखवलं. हा शब्द तिने वाचला नाही.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “तुमचं इंग्रजी कामापुरतं आहे, बाई. राग मानू नका. हा शब्द तुम्हाला सुचणारा नव्हे.”

मी कपाटाचा खण ओढला. आणि आता सांगायला हरकत नाही: त्या शुक्रवारी जिन्यापाशी, लाखेच्या वासात, मंदाकिनीने पदराआडून एक गुलाबी कार्ड काढून माझ्या हातात दिलं होतं. “मी काही बोलले नाही,” ती म्हणाली होती. “शब्द कोशातला आहे. राहून गेला होता. त्याच्या जागी घाला, एवढंच.” अक्षर तिचं. म्हणजे त्यांचंच.

शनिवारी वाचन संपल्यावर, सर मास्तरांना धरून जिना उतरत होते, तेव्हाच मी माझ्या अक्षरात दुसरं कार्ड लिहिलं होतं. पहिलं मीरासाहेबांच्या शेगडीत गेलं. “कसला कागद, बाई?” त्यांनी विचारलं. “चुकलेला,” मी म्हटलं.

मास्तरांनी कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. डावा डोळा ओळीवरून एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. मी त्यांच्याकडे बघत होते. वाचताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

“अक्षर तुमचं आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“पण शब्द कुठून आणला?”

“तो कोश तुमच्या घरी जाण्याआधी इथेच होता, मास्तर. मी तेव्हा पुढची पानं चाळली होती. हा शब्द तेव्हाच उतरवून ठेवला.”

“दीड वर्ष?”

“तुमच्याकडून कधीतरी एखादा राहील, मग उपयोगी पडेल, म्हणून. आणि मंदाकिनीचं काय घेऊन बसलात. अशा बारीक टाइपात एखादी ओळ कुणाचीही निसटते.”

“उपयोगी कशाला?”

“खुर्ची तुमची होती,” मी म्हटलं.

गच्चीवर मीरासाहेबांचा माणूस भोपळे उलटून ठेवत होता. मला वाटतं, मास्तरांना त्यात कुठेतरी सांधा ऐकू आला असावा. त्यांचा कान तसा होता. पण त्यांनी दुसऱ्यांदा वाजवून पाहिलं नाही. कार्ड टेबलावर ठेवलं. काठ न चाचपता, बरोबर मधोमध.

“बरं झालं,” ते म्हणाले. “म्हणजे, ते तुम्हीच होता हे बरं झालं.”

मग ते उतरून गेले. जिना आता स्पष्ट दिसत असणार, तरी सतरापर्यंत मोजल्याचं मला वरून ऐकू आलं.

त्या खंडाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. त्यात मास्तरांचं नाव नाही. मंदाकिनीच्या लेखणीतली सातशे चौदा कार्डं त्यात आहेत आणि तिचंही नाव नाही; शपथ मात्र तिने शेवटपर्यंत अक्षरशः पाळली, आणि ‘मंदी, आजचा पेपर मी वाचतो, तू ऐक,’ हे तिला माहेरी आली की सोळा वर्षं ऐकायला मिळालं. खुर्ची माझ्याकडे बावीस वर्षं होती. मिरजेत माझं नाव ‘गुलाबी कार्डवाली’ पडलं, ते अजून कुठे कुठे ऐकू येतं. मंदाकिनीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. ती कुणी पाठवू दिली नाही, हे मला कळत होतं, आणि तिलाही.

बाजारात, देवळात, मास्तर समोरून येताना दिसायचे. मी दिसले, की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. दर वेळी, चांगली पन्नास पावलं आधीच. इतक्या लांबून त्यांना मी ओळखू येत होते.